नारळाची कुस्ती

सुगी आली की आमच्या येळ्ळूरच्या शिवाराला वास सुटतो. बासमती कापून आडवी पडलेली असते, वरून ऊन चढत असतं, आणि ओला पेंढा, वाळत आलेला चिखल आणि नवं भात यांचा मिळून असा काही वास येतो की उपाशी माणसाला जेवल्यासारखं वाटावं आणि जेवलेल्याला परत भूक लागावी. आज सकाळी चहाचा पेला घेऊन मी बांधावर उभा होतो. तो वास आला आणि माझी मान डावीकडे वळली.

तुम्हाला वाटेल, डावीकडे काहीतरी दिसलं असेल. तसं काही नाही. मी चहाचा घोट घेतला, इतकंच. गेलं वर्षभर काहीही प्यायचं झालं की मी मान डावीकडे वळवतो, हनुवटी खांद्याकडे नेतो आणि मग गिळतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, हा माणूस प्रत्येक घोटाला कुणावर तरी रुसतोय. शेजाऱ्यांची म्हैस नेमकी त्या बाजूला बांधलेली असते. मी तिला दाखवून दाखवून चहा पितो असा तिचा पक्का समज झालाय, आणि अलीकडे तीही माझ्याकडे पाठ करून उभी राहते.

मी हे लिहितोय, बोलत नाहीये, हे आधीच सांगून ठेवतो. कागदावर माझा आवाज पूर्वीसारखाच दणदणीत आहे. समोर बसला असतात, तर हाताचा कान करून पुढे वाकावं लागलं असतं, आणि दोन वाक्यांनंतर तुम्ही उगीचच मान डोलवायला लागला असता. ऐकू न आलेल्या बोलण्याला माणसं फार प्रेमानं मान डोलवतात. हा शोध मला बावन्नाव्या वर्षी लागला.

पोटासाठी मी उद्यमबागेतल्या एका कास्टिंगच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. पण हे झालं पोटाचं. गळ्याचं काम वेगळं होतं. निपाणीपासून खानापूरपर्यंत कुठंही कुस्तीचं मैदान भरलं की माईक माझ्या हातात असायचा. निवेदक म्हणतात त्याला. कोण पैलवान, कुठल्या गावचा, कुठल्या तालमीचा, कुणाचा चेला, कुणी कब्जा घेतला, कुणी घिस्सा मारला, हे सगळं हजारो माणसांना डोळ्यांआधी कानांनी दाखवायचं. एकदा एका मैदानात ऐन कुस्तीत वीज गेली. मी माईक खाली ठेवला आणि उरलेली कुस्ती नुसत्या गळ्यानं पार पाडली. दुसऱ्या दिवशी अर्ध्या मैलावरच्या वस्तीतली एक म्हातारी मला भेटली. तिनं घराबाहेर पाऊल न टाकता निकाल बरोबर सांगितला. वर म्हणाली, ‘‘दम लागला की तू पाणी पी की रं. मदी मदी गप बसलास ते मला कळंना.’’

मी तेव्हा खूप हसलो होतो.

मैदानाची एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. गर्दी येते ती शेवटच्या कुस्तीला, पाच वाजता. तेव्हा फेटे असतात, पाहुणे असतात, धूळ असते. पण मैदान सुरू होतं दुपारी अडीच वाजता, ऊन डोक्यावर असताना. तेव्हा तिथं पंच असतात, हलगीवाला असतो, एक आईस्क्रीमची गाडी असते आणि सावली शोधणारी दोन कुत्री. त्या वेळी पहिली जोड लागते ती नारळावर. जिंकेल त्याला एक नारळ. बहुतेक निवेदक तेव्हा कुठंतरी चहा पीत बसलेले असतात, कारण गळा शेवटच्या कुस्तीसाठी राखायचा असतो. मी मात्र नारळाच्या कुस्तीला कधी चुकलो नाही. ज्यांच्याकडून मी माईक धरायला शिकलो ते आप्पा सांगायचे, ‘‘नारळाच्या कुस्तीला जो गळा राखून ठिवतो, त्येला शेवटच्या कुस्तीला कंठ फुटत न्हाय.’’ म्हणून मी रिकाम्या मैदानात, दोन कुत्र्यांसमोर, त्या कोवळ्या जोडीची गावं आणि वस्ताद असे पुकारायचो, की जणू हिंदकेसरीच उतरलेत.

हे सगळं मला माहीत होतं. शिकवून झालं होतं. तरी वेळ आल्यावर मी काय केलं, ते पुढं येईलच.

गेल्या वर्षी अशीच सुगी होती. भात कापून झालं होतं, मळणी व्हायची होती. माझ्या गळ्यात एक गाठ होती, लिंबाएवढी. ती काढायची ठरली. डॉक्टरांनी आधीच बसवून सांगितलं, की आवाजाच्या दोरीकडे जाणारी नस गाठीला चिकटलेली दिसते, जपून काढू, पण आवाजाची हमी देता येणार नाही. मी मान डोलावली. माझं लक्ष नव्हतं. मी मनात हिशेब करत होतो, की डिसेंबरात टाके सुकले तर जानेवारीतली मैदानं हातची जाणार नाहीत. निघताना सुनंदानं, माझ्या बायकोनं, देव्हाऱ्यात एक नारळ ठेवला. सगळं नीट झालं आणि आवाज खणखणीत आला, की हा फोडायचा.

शुद्धीवर आलो तेव्हा सुनंदा समोर होती. मी तिला हाक मारली. सायकलच्या ट्यूबमधून हवा जाते तसा आवाज झाला. तिनं मागं वळून बघितलं, की खिडकी उघडी राहिली की काय. ते तिचं मागं वळून बघणं मी अजून विसरलेलो नाही. सव्वीस वर्षं संसार केलेल्या बाईला माझी हाक वारा वाटली.

दोन दोऱ्यांपैकी डावी हलत नव्हती. सहा महिने बघू, वर्षभर बघू, नस जागी झाली तर झाली, असं डॉक्टर म्हणाले. तोवर गिळतानाही सांभाळा, पाणी चुकीच्या वाटेनं जाईल. पाणी रोजच चुकीच्या वाटेनं जायचं. साधा तांब्या समोर आला की मला घाम फुटायचा. भात, डाळ, ताक, सगळ्यांनी माझ्याविरुद्ध गट केला होता. एक घोट घ्यायचो आणि पुढं पाव तास खोकायचो, डोळे बाहेर येईपर्यंत.

भेटायला माणसं यायची. माझा आवाज गेला होता, कान शाबूत होते, पण येणारा प्रत्येक जण माझ्याशी ओरडून बोलायचा. काही जण हातवारेही करायचे. एका पाहुण्यानं मला ‘जेवलास का’ हे इतका अभिनय करून विचारलं, की मी त्याला नाटकात घ्यायला हवं होतं. कारखान्यातल्या एका कानडी मित्रानं जाताना माझा हात दाबला. मी त्याला मोबाईलवर लिहून दाखवलं, की आपल्या भागातला वाद माझ्यापुरता मिटला, मी आता मराठीत आणि कानडीत सारखाच गप्प आहे. तो हसला. मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला स्वतःचाच राग आला. विनोद करून झाल्यावर लोक रडत असतील तर निवेदकानं काय समजायचं?

आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम धारवाडकडच्या. वयानं लहान, बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी, आणि शिस्त पूर्ण. भिंतीला दोन्ही तळवे लावून ढकलायचं आणि ढकलताना ‘आ’ म्हणायचं. नळीनं पाण्यात बुडबुडे काढायचे. मान डावीकडे वळवून गिळायचं. सुकं, भुसभुशीत काही खायचं नाही. शेंगदाणे नाहीत, चिरमुरे नाहीत, सुकं खोबरं तर मुळीच नाही. आणि रोज एका वहीत लिहायचं, आज काय जमलं. एकच गोष्ट. कितीही बारीक असली तरी चालेल.

तुमच्यापुढे कबूल करतो, की मी ती वही भरताना थापा मारल्या. सराईत निवेदक मी. कोरी वही समोर आल्यावर हात थोडाच आवरणार? पहिल्या आठवड्यात मी लिहिलं, की शेजाऱ्याला हाक मारली आणि त्यानं ओ दिली. दुसऱ्या दिवशी लिहिलं, आरती म्हटली. तिसऱ्या दिवशी, आरतीचं दुसरं कडवं. मॅडमनी वही शांतपणे वाचली. ‘‘लई छान आहे री अण्णा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आता ‘आ’ म्हणा बघू.’’ त्यांनी मोबाईलवरचं घड्याळ सुरू केलं. मी भिंत ढकलली, पोट आवळलं, ‘आ’ काढला. तीन सेकंद. त्यातही शेवटी नुसती वाफ.

‘‘तीन सेकंद,’’ त्या म्हणाल्या. ‘‘गेल्या वेळी दोन होते. हे वहीत का नाही?’’

मी वही मिटली. माझ्या मनात होतं, की तीन सेकंद ही काय लिहिण्यासारखी गोष्ट आहे? लहान पोरसुद्धा रडताना दहा सेकंद काढतं. ज्यानं हजारो माणसं मुठीत धरली त्यानं वहीत ‘आज तीन सेकंद’ असं लिहायचं? त्यापेक्षा खोटी आरती बरी. तिला निदान चाल तरी आहे.

मळणी यंत्र आता सुरू झालंय बांधापलीकडे. त्याच्या आवाजात माझा आवाज मलाही ऐकू येत नाही. गंमत म्हणजे ती वेळ मला आवडते. यंत्र चालू असताना सगळ्यांचाच आवाज माझ्यासारखा होतो. माणसं एकमेकांच्या कानाशी लागतात, हातानं सांगतात, नुसती हसतात. तासभर का होईना, सगळं गाव माझ्या बाजूला येतं.

तर त्या सुगीनंतरचा जानेवारी. शिवार मोकळं झालेलं, भाताच्या ओलीवर पेरलेला मसूर वीतभर वर आलेला. तीन आठवड्यांवर मोठं मैदान होतं, आणि माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. लहानसहान ‘आ’ करून काही होत नाही. एकदा का शेवटच्या कुस्तीची पुकार पूर्ण जमली, की बाकीचं आपोआप येईल. आम्हा निवेदकांकडूनच ही चूक होऊ शकते. दुसऱ्या कुणाला शेवटच्या कुस्तीपासून मैदान सुरू करायची अक्कल सुचणार नाही.

एका सकाळी घरात काही न सांगता मी शेतात गेलो. मसुरात चार-पाच बगळे बसले होते. मी पाय रोवले, छाती भरली, आणि माझी ठरलेली पुकार टाकली. शेवटच्या सलामीआधी मी नेहमी एक वाक्य म्हणायचो, ‘‘मंडळी, तुमी नुसती बसलाय, बघती हाय ती माती!’’ त्यावर हलगी कडाडायची आणि मैदान उठून उभं राहायचं. मी ते वाक्य सगळ्या ताकदीनं फेकलं. शिट्टीसारखं काहीतरी निघालं. परत फेकलं. परत. सातव्या-आठव्या वेळी तोंडात लोखंडाची चव आली आणि मग शिट्टीही बंद झाली.

बगळे उडाले नव्हते. एकानंही मान वर केली नव्हती.

त्यानंतर दोन आठवडे तीन सेकंदही उरले नाहीत. शून्य. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी नुसतं मला पाणी दिलं आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. ते जास्त लागलं. मी व्यायाम सोडला. वही अंथरुणाखाली सारली. दिवसभर खाटेवर उताणा पडून राहायला लागलो, तुळयांकडे बघत. विहिरीवर मोटर सुरू करायला सुनंदा मला एकट्याला पाठवेनाशी झाली. तिनं कारण सांगितलं नाही. मी विचारलं नाही. आम्हा दोघांनाही ते माहीत होतं.

मोठ्या मैदानाचा दिवस आला. ते शेजारच्या गावात होतं; वारा आमच्या बाजूला वाहत होता. भोंग्याचा आवाज दुपारपासून घरात येत होता. नवा तरुण निवेदक होता, गळा चांगला तयार. मी भिंतीकडे तोंड केलं. थोड्या वेळानं भोंग्यातून आलं, ‘‘मंडळी, तुमी नुसती बसलाय...’’ आणि पुढचं सगळं. माझं वाक्य. चोरलं म्हणता येणार नाही. तो माझंच निवेदन ऐकत मोठा झालेला असणार. पण तेव्हा मला असं वाटलं, की माझं तेरावं घालताहेत आणि मला जेवायला बोलावलेलं नाही.

मी पुन्हा उताणा झालो आणि डोळे मिटले. सुनंदा आत आली.

तिच्याबद्दल थोडं सांगायला हवं. ती खानापूरकडची. माहेरी घरची तालीम. दिवसाउजेडी उताणा पडलेला माणूस तिच्या वडिलांना खपायचा नाही. घरी पाठ जमिनीला लागणं म्हणजे कुस्ती हरणं. सुनंदा स्वतः मात्र बोलायला अशी काटकसरी, की आमच्या घरातले सगळे शब्द मीच वापरून संपवतो अशी तिची तक्रार असायची. ती येऊन खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. लाटणं वगैरे माईकसारखं हातात धरलं असतं तर मी हसलो असतो आणि वेळ निभावून गेली असती. पण तिच्या हातात काही नव्हतं. बाहेर भोंगा चालूच होता.

‘‘मंडळी,’’ ती म्हणाली. मंडळी म्हणजे मी आणि दारातलं मांजर. ‘‘आजची पयली जोड. हिकडं येळ्ळूरचे पैलवान, वय बावन्न, वजन उतरल्यालं. तिकडं सकाळचा अर्धा कप चहा. सात घोट. सातीच्या साती आत. ठसका एक बी न्हाय.’’

तिचा आवाज सपाट होता, यादी वाचल्यासारखा. मी डोळे उघडले.

‘‘मंगळवारी ह्याच चहानं पैलवानांच्या नाकातनं पाणी काढलंतं. आज न्हाय. कुणी बघितलं न्हाय. पैलवानांनी बी न्हाय. मी चुलीपुढनं मोजलं.’’ मग जरा थांबून, नेहमीच्या आवाजात, ‘‘पाठ उचला. अजून सुटल्याली न्हाय कुस्ती.’’

मी उठून बसलो. दुसरं काय करणार? ती देव्हाऱ्याकडे गेली, नवसाचा तो नारळ घेऊन आली आणि माझ्या हातात दिला. मी खुणेनं विचारलं, हा तर आवाज आल्यावर फोडायचा होता ना? ती म्हणाली, ‘‘फोडा कोण म्हणतंय? नुसता घ्या. देवाला मी सांगते.’’

त्या दिवसापासून रोज दुपारी तीनच्या सुमाराला आमच्या घरात नारळाची कुस्ती लागायची. नारळ एकच. तो रोज मला मिळायचा आणि रोज परत देव्हाऱ्यात जायचा. इतकं काटकसरी मैदान जिल्ह्यात कुठं नसेल. पुकार सुनंदाच करायची, त्याच सपाट आवाजात, आणि मैदानाचा नियम कडक होता. थाप चालायची नाही. काही झालंच नसेल त्या दिवशी ती म्हणायची, ‘‘आज कुस्ती बरोबरीत सोडवली,’’ आणि नारळ मिळायचा नाही. बरोबरीत सोडवलेल्या कुस्त्यांना मी जन्मभर नाकं मुरडली होती. निकाल पाहिजे, निकाल, म्हणून माईकवरून ओरडायचो. आता आठवड्यातून तीन वेळा माझीच बरोबरी.

भरमा यायचा अधूनमधून, हलगीवाला. वीस वर्षं त्याची हलगी आणि माझा गळा जोडीनं फिरले. तो आल्यावर बोलायचा नाही, खाटेच्या कडेवर बोटांनी हळू ठेका धरून बसायचा. एकदा सुनंदाची पुकार त्यानं ऐकली. मी ताकाची वाटी संपवल्याची होती ती. पुकार संपल्यावर त्यानं खाटेच्या लाकडावर असा काही तुकडा वाजवला, की मांजर पळून गेलं. जाताना म्हणाला, ‘‘अण्णा, वैनी तुमच्यापरास बरं बोलत्यात. मोजकं.’’ मित्र असावेत तर असे.

वही मी परत बाहेर काढली. आता तिच्यात खरं लिहायला लागलो आणि खरं लिहिणं थापेपेक्षा किती अवघड असतं ते कळलं. थाप एका दमात येते. खरं शोधावं लागतं, दिवसभर, धान्यातले खडे बघावेत तसं. कधी ‘आ’ चार सेकंद, पाचवा शंकास्पद. फेब्रुवारीत कामावर रुजू झालो तेव्हाची नोंद अशी आहे, की खानापूर रस्त्याच्या बसमध्ये कंडक्टरला ‘मच्छे’ म्हणालो आणि त्याला पहिल्याच वेळी ऐकू आलं. मला उतरायचं होतं उद्यमबागेत, ते अलीकडे आहे. पण ‘उद्यमबाग’ माझ्या गळ्यातून सुटत नव्हतं, ‘मच्छे’ सुटत होतं. मग मच्छ्यापर्यंत गेलो आणि तिथून पाऊण तास चालत मागं आलो. कारखान्यात उशिराचा शेरा बसला. दुपारी सुनंदाला फोनवर लिहून कळवलं. संध्याकाळी तीन वाजल्याचं धरून मला नारळ मिळाला.

मार्चमधल्या एका सकाळी मसुराच्या काढलेल्या रानात उभा राहून ‘हुर्र’ म्हणालो, आणि एक बगळा उडाला. एकच. तो तसाही उडणारच होता का, हे मी वहीत लिहिलेलं नाही. सुनंदानं दोन प्रश्न विचारले, विचार केला, आणि नारळ दिला. पंच म्हणून ती कडक होती, पण निर्दय नव्हती.

तुम्ही म्हणाल, मग छान झालं की सगळं. नाही झालं. ते मला लपवायचं नाही. मे महिना आला, आवाज आठ सेकंदांवर अडला. पाऊस आला, गेला. मी सगळे व्यायाम केले, भिंत ढकलून ढकलून तिच्यावर तळव्यांचे दोन डाग पडले. आवाज वाढला नाही. रोज नव्यानं सांगायला काही उरत नव्हतं, आणि कित्येक दिवस आम्ही दोघं नारळाच्या वेळेला नुसते एकमेकांसमोर बसायचो. अशा दिवशी मला वाटायचं, की आपण बायको-नवरा मिळून एका मेलेल्या गोष्टीला रोज आंघोळ घालतोय. तिलाही तसं वाटत असेल का, हे विचारायची हिंमत झाली नाही.

गेल्या आठवड्यात वर्ष पूर्ण झालं. डॉक्टरांनी नळी घालून दोरी बघितली. ती हललेली नव्हती. दुसरी दोरी मात्र मधली रेघ ओलांडून तिच्यापर्यंत पोहोचायला शिकली होती, म्हणून एवढा तरी आवाज निघतो. आता यापुढे फार फरक पडेल असं वाटत नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. मॅडमनी शेवटचं घड्याळ लावलं. नऊ सेकंद. ‘‘गुड, अण्णा,’’ म्हणाल्या, आणि वही माझ्या हातात देताना त्यांनी ती दोन्ही हातांनी दिली. बसनं आम्ही दोघं घरी निघालो. वडगावच्या विणकरांच्या मागांचा खडखडाट खिडकीतून येत होता. सुनंदा एवढंच म्हणाली, ‘‘नारळाचं काय करायचं?’’

खणखणीत आवाज काही येणार नव्हता. म्हणजे नवस फेडायचा नव्हता. म्हणजे नारळ फोडायचा नव्हता, कधीच. वर्षभर देव्हाऱ्यात आणि माझ्या हातात जाऊन-येऊन त्याची शेंडी झडली होती, रंग काळा पडला होता. हलवला की पूर्वी पाणी वाजायचं. आता आत काहीतरी टक टक लागायचं. पाणी आटून खोबऱ्याचा गोटा सुटला होता.

परवा रविवारी हंगामातलं पहिलं मैदान होतं, जवळच्याच एका लहान गावात. मला त्यांनी पाहुणा म्हणून बोलावलं. फेटा बांधला, खुर्ची दिली. माईक देण्याचा प्रश्न कुणाच्या मनातही नव्हता, आणि माझ्याही नव्हता. अडीच वाजले. ऊन डोक्यावर. पंच, भरमा, आईस्क्रीमची गाडी. कुत्री या वर्षी तीन होती. बायकांच्या बाजूला पाच-सहा जणी छत्र्या उघडून बसलेल्या, त्यांत सुनंदा. निवेदक पोरगा चहाला गेला होता. आखाड्यात पहिली जोड उभी राहिली, दोन मुली, एक मच्छ्याची, एक आमच्या येळ्ळूरची. त्या इकडेतिकडे बघत होत्या. आपलं नाव कुणीतरी घेईल याची वाट बघत होत्या. मैदानात नाव पुकारलं नाही तर उतरल्यासारखं वाटत नाही, हे मला माहीत आहे.

भरमानं माझ्याकडे बघितलं. मग टेबलावरच्या माईककडे बघितलं. मग उगीच आभाळाकडे.

मी माईक उचलला. ओठांना लावला. पूर्वी मी तो हातभर लांब धरायचो. जे निघालं ते भोंग्यातून माठात वारा शिरल्यासारखं आलं. पण त्या वाऱ्यात गावं होती. मच्छे, मग दम, मग येळ्ळूर. मुलींची नावं, वस्तादांची नावं. एका दमात दोन शब्द, फार तर तीन. मच्छ्याच्या मुलीनं आपलं नाव ऐकलं आणि मांडीवर थाप मारली. आईस्क्रीमवाला वळून बघायला लागला. त्याला वाटलं असेल भोंगा बिघडलाय. आणि मग पंचांनी विचारलं, नारळ कुठाय? कमिटीवाले विसरले होते. सुनंदा उठली, पिशवीतून काळा नारळ काढून आखाड्याच्या कडेला ठेवला आणि परत जाऊन बसली. तो तिनं सकाळी देव्हाऱ्यातून कधी काढला, मला पत्ता नव्हता.

दोन्ही मुली तोलामोलाच्या. दहा मिनिटं झाली, बारा झाली. एकीनं कब्जा घेतला की दुसरी सुटून जायची. दोघींच्या पाठी मातीपासून बोटभर अंतरावर यायच्या आणि तिथंच अडायच्या. शेवटी पंचांनी कुस्ती सोडवली आणि दोघींचे हात वर केले. मी माईकवर म्हणालो, ‘‘बरोबरी.’’ पूर्वी हा शब्द मी थुंकल्यासारखा टाकायचो. परवा तो नीट दोन्ही ओठांनी म्हटला.

एक नारळ, दोन विजेत्या. भरमानं तो दगडावर फोडला. करवंटी सुटली आणि आतून गोटा निघाला, अख्खा, गुळगुळीत, पिवळट, एक डागही नसलेला. तेलकट गोड वास आला. त्यानं त्याचे दोन भाग केले. येळ्ळूरची मुलगी आपल्या भागातला एक तुकडा मोडून माझ्याकडे आली. ‘‘काका, तुमी बी घ्या की.’’

सुकं खोबरं. वर्षभर मला ज्याची सगळ्यांत कडक मनाई होती ते. मॅडमचा आवाज कानात आला. एका हातात चालू माईक होता. इथं ठसका लागला तर अख्ख्या शिवाराला ऐकू जाणार होता. पण मुलगी समोर उभी होती. मी तुकडा तोंडात टाकला. चावला. बराच वेळ चावला, पीठ होईपर्यंत. मग मान डावीकडे वळवली.

डावीकडे बायकांची बाजू होती. सुनंदा छत्री बाजूला करून माझ्या गळ्याकडे बघत होती.

मी गिळलं. थांबलो. पाच मोजले, सहा मोजले. काही आलं नाही.

कुणाला काही कळलं नव्हतं. पंच पुढची जोड शोधत होते, कुत्री करवंटी चाटत होती. सुनंदानं एक हात वर केला, पंच करतात तसा, कोपरातून सरळ. भरमानं तो पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि हलगीवर एक टिपरी टाकली. एकच.

मैदान रिकामं होतं. पाच वाजायला अजून अवकाश होता.